‘का’ की ‘को’

"केतकी का चक्कर दो महीने से..."

एवढं माझ्या कानावर पडलं आणि तेवढ्यात पुढच्या माणसानं दुधाच्या मशीनमध्ये टोकन टाकलं. त्या मशीनचा आवाज म्हणजे पिठाच्या गिरणीचा धाकटा भाऊ. त्याची किटली भरून मशीन थांबेपर्यंत वाक्य संपत आलं होतं. मला शेपूट तेवढं मिळालं : "...घर में तो बताया ही नहीं उसने."

बोलत होते बिष्ट सर, म्हणजे केतकीचे स्केटिंगचे कोच. ऐकत होत्या आमच्या शेजारच्या मिसेस भाटिया. आणि त्यांच्या मागे रांगेत मी, हातात रिकामी किटली.

एका बिल्डिंगमध्ये पंधरा-वीस वर्षं काढली की किस्से साठतात, फ्रिजवर डब्यांची झाकणं साठतात तसे. डबे कधीच हरवलेले असतात, पण झाकण टाकवत नाही. केतकीची अशी पुष्कळ झाकणं माझ्याकडे आहेत. चाकांचे बूट घालून ती जे करायची ते बघायला नोएडातले लोक रस्त्यात स्कूटर थांबवत. ती गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. अजून जुनी माणसं भेटली की तिचे किस्से निघतात, सगळे हसतात, मीही हसते. फक्त त्या दुधाच्या रांगेतला किस्सा मी सांगत नाही. ते अर्धं वाक्य मी त्याच सकाळी तिच्या आईकडे पोचवलं. उरलेलं अर्धं आजपर्यंत पोचवलेलं नाही. तिची आई सुनंदा आता इंदूरला असते. हे तिच्या हाती पडणार नाही या भरवशावर लिहितेय.

पण आधी बाकीचं.

* * *

देवस्थळी आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हा केतकी आठ वर्षांची होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सुनंदा इंदूरची, त्यामुळे तिचं हिंदी ऐकत राहावं असं. मी सांगलीची, दहावीपर्यंत शिकलेली, ती दहावीही एका दमात नाही.

त्यांनी दाराला पाटी लावली, हिंदीत, 'देवस्थली'. चौथ्या दिवशी एक बाई नारळ आणि लाल चुनरी घेऊन धापा टाकत वर आल्या.

"देवस्थली यहीं है न? कौन-से देवता हैं?"

सुनंदा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. चिमटा तोंडातून काढून म्हणाली, "देवता ऑफिस गए हैं. छह बजे तक आ जाएँगे."

* * *

माझ्या हिंदीबद्दल सांगायलाच हवं. का, की, को यांचं आणि माझं कधी जमलं नाही. आमच्या ह्यांना एकदा गेटपाशी कुत्रं चावलं. मी धावत डिस्पेन्सरीत गेले आणि म्हटलं, "डॉक्टरसाब, हमारे इनका कुत्ता काटा!"

कंपाउंडर शांतपणे म्हणाला, "कुत्ते को किसने काटा, भाभीजी?"

केतकी माझ्याबरोबर होती. तिनं हे सगळ्या बिल्डिंगला सांगितलं, नकलेसकट. मग तिलाच माझी दया आली. पाटी घेऊन मला शिकवायला बसली. "काकू, 'का' म्हणजे चा-ची-चे. 'को' म्हणजे ला. केतकी का म्हणजे केतकीचं. केतकी को म्हणजे केतकीला. बघा, फक्त एक मात्रा जास्त."

मी म्हटलं, "एका मात्रेनं काय आकाश कोसळतंय? समोरच्याला कळतं."

"कुत्र्याला नाही कळलं," ती म्हणाली.

* * *

तिचं स्केटिंग सुरू झालं ते पार्किंगमध्ये. आमच्या सोसायटीच्या सगळ्या बिल्डिंगा खांबांवर उभ्या, खाली गुळगुळीत सिमेंटची मोकळी जागा. सुरुवातीला तिथे एकच मोटार होती, सेक्रेटरी माथुरसाहेबांची. बाकी स्कूटर, तेही भिंतीकडेनं. देवस्थळींनी मुलीला चाकांचे बूट आणून दिले आणि तिला एवढं अंगण मिळालं की ती शाळेतून आली की थेट खालीच. तिला मराठीत 'पडले' यायचं नाही. वर येऊन म्हणायची, "आई, मी आज सात वेळा गिरले." दिल्लीकडची मुलं, काय करणार.

मग दिवस बदलले. माणसं खाजगी कंपन्यांत जायला लागली, हप्त्यांवर गाड्या मिळायला लागल्या. दर दोन-तीन महिन्यांनी खाली हॉर्न वाजे, कोणीतरी बॉनेटला हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून नवी गाडी आत आणे. मग बिल्डिंगभर मिठाई. केतकी बर्फीचा तुकडा हातात घेऊन माझ्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "काकू, अजून एक खांब गेला."

गाड्या वाढल्या आणि तिची जागा आकसत गेली. शेवटी भाटियांची निळी गाडी आणि कोपऱ्यातला खांब यांच्यामध्ये सतरंजीएवढा तुकडा उरला. ही पोर तेवढ्यात गिरक्या घ्यायची. एका पायावर, दुसरा पाय मागे, दोन्ही हात छातीशी. भाटियांच्या गाडीचा आरसा बोटभर अंतरावर, पण कधी धक्का नाही लागला.

पुढे सेक्टरमध्ये शाळेचं रिंक झालं तिथे बिष्ट सरांनी तिला पाहिलं. गढवालचा माणूस, मोजकं बोलणारा. त्यांनी विचारलं, "इतना टाइट स्पिन किसने सिखाया?"

केतकी म्हणाली, "भाटिया अंकल की गाड़ी ने."

* * *

बिष्ट सरांनी सांगितलं, स्पीडवाली मुलं वेगळी, ती नुसती गोल पळतात. हिचं फिगर स्केटिंग. गाण्यावर उड्या, गिरक्या, सगळं ठरलेलं. त्याला ड्रेस लागतो. तो मी शिवला. मी साड्यांना फॉल-पिको करणारी बाई, ताणणाऱ्या कापडाशी माझी ओळख नाही. तीनदा उसवला, चौथ्यांदा बसला. गळ्याशी टिकल्या लावल्या. फ्रॉक गुडघ्याच्या वर होता, नाहीतर पाय अडकतो.

त्या फ्रॉकवर ती दोन दिवस पार्किंगमध्ये उतरली आणि नोटीस बोर्डावर कागद लागला : 'पार्किंग एरिया में बालिकाएँ शालीन वस्त्र पहनें. आज्ञा से, सेक्रेटरी.'

माथुरसाहेब स्वतः दर रविवारी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, भोकाभोकांच्या बनियनवर गाडी धूत. सुनंदानं कमरेची किल्ली काढावी तसं पर्समधून पेन काढलं आणि नोटिशीखाली लिहिलं : 'और सेक्रेटरी साहब कमीज़.'

कागद संध्याकाळपर्यंत उतरला. पुढच्या रविवारी माथुरसाहेब फुल शर्टात गाडी धुताना दिसले, बाह्यांची बटणं लावून.

* * *

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिचा कार्यक्रम ठेवला. अध्यक्ष होते आपटेकाका. त्यांना इंग्रजी शब्द घशात काट्यासारखा टोचायचा. टेबल टेनिसला सुद्धा ते काहीतरी म्हणत, मी विसरले. त्यांनी माइक हातात घेतला आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "आता कुमारी केतकी देवस्थळी सादर करतील, आकृती-घसरण."

लोकांना वाटलं स्लाइड शो आहे. दोघांनी उठून दिवे घालवले.

दिवे लागले, गाणं लागलं. तख्त जोडून केलेलं स्टेज, ते डोलायला लागलं. पोरीनं तरी सगळं केलं. शेवटच्या उडीला दोन तख्तांच्या फटीत चाक अडकलं आणि ती सपशेल आडवी. सुनंदा अर्धी उठलेली. केतकी बसल्या बसल्या सरकत माइकपाशी गेली आणि म्हणाली, "आधी झाली ती आकृती. ही घसरण."

आपटेकाका सगळ्यांत जास्त हसले. नंतर कित्येक महिने कोणाची नोकरी गेली, कोणाची मुलगी नापास झाली, की आम्ही 'आकृती-घसरण' म्हणायचो.

* * *

केबल आमच्याकडे आधी आली. त्यावर बाहेरदेशीचं स्केटिंग लागायचं, खऱ्या बर्फावरचं. केतकी दात घासायच्या जुन्या ब्रशनं चाकं साफ करत आमच्या दिवाणाला टेकून खाली बसून बघायची. पापणी लवायची नाही.

एक दिवस मी फ्रीज बंद करून फ्रीजरमधला बर्फ सोडवत होते. ताटाएवढी ढलपी निघाली. ती म्हणाली, "काकू, टाकू नका." परातीत बर्फ ठेवला, बूट हातात घेऊन चाक त्यावर टेकवलं आणि फिरवलं. चाक जागच्या जागी फिरलं, बर्फ तसाच.

"बर्फाला आपली चाकं कळत नाहीत," ती म्हणाली. मग तळवा बधिर होईपर्यंत त्यावर ठेवून बसली. "एकदा तरी उभं राहायचंय, काकू. खऱ्यावर."

मी म्हटलं, "त्यात काय? लग्न झालं की नवऱ्याला सांग, काश्मीरला ने."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "काकू, तुमच्या सगळ्या रस्त्यांच्या शेवटी एक नवराच कसा उभा असतो?"

मी हा किस्सा हसत सांगते. पण ती खरं बोलली होती. माझ्या डोक्यात मुलगी अठराची झाली की दुसरं काही शिरतच नाही. म्हणून तर दुधाच्या रांगेत 'केतकी का चक्कर' ऐकलं आणि मला पुढचं ऐकायची गरजच वाटली नाही. दिल्लीत 'चक्कर' म्हणजे काय हे हिंदी न येणाऱ्यालाही कळतं. कोणाच्या मुलीचं कुठे चक्कर चालू आहे, यावर तर आमची अर्धी दुपार जायची. आणि नेमकी ती नॅशनल्सची निवड होऊन आलेली. आता पाय घसरला तर?

मी दूध न घेताच वर आले.

* * *

सुनंदा पोळ्या लाटत होती. मी म्हटलं, "गॅस बंद कर. केतकीचं चक्कर आहे. दोन महिने झाले. सरांना माहीत आहे, घरी बोललेली नाही."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर लाटणं आपटेल. ती ओट्याला टेकून खाली बसली आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "खरं सांगू, वहिनी? मला भीती वाटायची, ही त्या चाकांशीच लग्न लावणार. बरं झालं. माणसातला कोणीतरी आहे."

मग आम्ही दोघींनी ठरवलं, ओरडायचं नाही. मीच तिला अक्कल शिकवली. म्हटलं, "तू 'प्रेमप्रकरण' वगैरे म्हणू नकोस, ती हसत सुटेल. त्यांच्याच शब्दात विचार."

दुपारी केतकी रिंकवरून आली. मी त्यांच्याच स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसले. निवडायची गरज नव्हती.

बाहेरून सुनंदाचा आवाज आला, "केतकी, चक्करचं कळलंय मला."

मग केतकी म्हणाली, "कोणी सांगितलं?"

"कोणी का सांगेना. कधीपासून आहे?"

"दोन महिने. पण जास्त नाही गं आई. कधी कधीच."

"आणि बिष्ट सर काय म्हणतात?"

"तेच म्हणतात, घरी सांग."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही रिंक बंद कराल म्हणून."

"आम्ही काय राक्षस आहोत? या वयात होतं असं. मलाही झालं होतं."

"तुला? खरंच?"

"हो. लग्नाच्या आधी, इंदूरला. कोणाला सांगितलं नाही मी."

"मग?"

"मग काय. गेलं आपोआप."

"आपोआप गेलं?" केतकीचा आवाज इतका हलका झाला की मलाच आत बरं वाटलं.

"आपोआप. पण तू लपवू नकोस आता."

"नाही लपवणार. फक्त बाबांना इतक्यात सांगू नको ना. नॅशनल्स होऊ देत. झाले की लगेच दाखवू."

"नक्की दाखवायचं हं."

"प्रॉमिस."

सुनंदा आत आली. पदरानं डोळे टिपत म्हणाली, "बघितलंत? किती शहाणी आहे. दाखवते म्हणाली."

* * *

पण नॅशनल्सपर्यंत थांबवेना. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी विणकाम घेऊन रिंकच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो, स्वेटरचं निमित्त. प्रत्येक पोरावर नजर. एकानं तिला पाण्याची बाटली दिली. उंच, सडपातळ, हेल्मेट घातलेला. सुनंदानं मला कोपरानं ढोसलं. "रंग सावळा आहे, पण चालेल."

त्यानं हेल्मेट काढलं. खांद्यापर्यंत केस. ती स्पीडवाली मुलगी होती, केरळची.

आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो. माझे तीन टाके सुटले.

थोड्या वेळानं केतकी एक गिरकी संपवून कठड्यापाशी आली, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि डोळे मिटून तशीच उभी राहिली. ओठांवर किंचित हसू. बराच वेळ. बिष्ट सर दुरून तिच्याकडे यायला लागले, तिनं हातानंच 'नको नको' केलं.

सुनंदा हळूच म्हणाली, "बघा वहिनी. कशी हरवलीय."

मी म्हटलं, "आता लवकर बघायला हवं."

याच्याएवढं खरं वाक्य मी उभ्या आयुष्यात बोलले नसेन. अर्थ मात्र मला माहीत नव्हता.

* * *

नॅशनल्सला अकरा दिवस होते. सकाळचा सराव चालू होता. उडी नाही, गिरकी नाही, नुसती साधी रिंकची फेरी मारताना ती खाली बसली आणि उठली नाही. हृदयात जन्मापासूनचा काही दोष होता म्हणाले. कधीतरी चक्कर येण्यापलीकडे बाहेर काही दिसत नाही.

हा किस्सा नाही. पण ही जागा ओलांडल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

दहाव्या दिवशी बिष्ट सर आले आणि पार्किंगमध्येच थांबले. वर यायचा त्यांना धीर होईना. मी चहा घेऊन खाली गेले. ते भाटियांच्या गाडीपाशी उभे होते, त्या सतरंजीएवढ्या जागेकडे बघत.

"भाभीजी, मैंने तो बताया था. दूध के बूथ पर, भाटिया जी को. कि केतकी को चक्कर दो महीने से आ रहे हैं, और घर में बताया ही नहीं उसने. आप लोग पड़ोसी हैं, बता दीजिए, डॉक्टर को दिखाएँ."

मी विचारलं, "आपने 'का' बोला था न? केतकी का चक्कर?"

त्यांना कळेना मी काय विचारतेय. ते म्हणाले, "को. केतकी को."

मग त्यांनी कप खाली ठेवला. "उसने घर में बताया था, भाभीजी?"

मी म्हटलं, "हाँ. बताया था."

"तो फिर?"

मी त्यांचा कप उचलला आणि वर आले. चहा तसाच होता.

* * *

मिसेस भाटियांना मी जिन्यातच गाठलं. म्हटलं, तुम्हाला सांगितलं होतं, तुम्ही का बोलला नाहीत? त्यांचे डोळे आधीच सुजलेले होते.

"मैं तो बोलने ही वाली थी. पर मुड़कर देखा तो आप पीछे थीं, और फिर दूध लिए बिना ही भागीं. मैंने सोचा, बहनजी ने सुन लिया. अब आपसे तेज़ ख़बर कौन पहुँचाएगा?"

टोमणा नव्हता त्यात. म्हणून जास्त लागलं.

* * *

भेटायला खूप लोक आले. रिंकवरची मुलं आली, कॉलेजातली आली, तिच्या हाताखाली शिकणारी चिल्लीपिल्ली आली. कोणी तरुण मुलगा दारात दिसला की सुनंदा मान वर करायची, त्याच्याकडे नीट बघायची, मग माझ्याकडे बघायची. मी मान हलवायची, नाही.

महिन्यानं ती म्हणाली, "बिचारा घाबरला असेल. आम्ही त्यालाच बोल लावू असं वाटलं असेल."

मी तिला सांगायला तीनदा गेले. एकदा तर वाक्य पाठ करून गेले. बसले, पाणी प्यायले, तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "वहिनी, तुम्ही त्या दिवशी येऊन सांगितलंत ते फार बरं केलंत. नाहीतर मला वाटलं असतं, पोरीला चाकांशिवाय काही मिळालंच नाही. तेवढं तरी होतं तिला."

मी पाणी आणखी एक पेला प्यायले आणि घरी आले. खरं सांगायचं तर काय सांगायचं? की तुझी मुलगी तुला सांगत होती, माझा तोल जातो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि तू म्हणालीस, आपोआप जातं? 'नॅशनल्स झाले की लगेच दाखवू' म्हणाली ती, म्हणजे डॉक्टरला, आणि तू म्हणालीस, नक्की दाखवायचं हं? आणि तुला तो शब्द कोणी शिकवला, तर मी?

आमच्या ह्यांना मात्र सगळं सांगितलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आता सांगून तू मोकळी होशील. ती नाही होणार."

पुढे वर्षं गेली. खाली गाड्या इतक्या झाल्या की स्कूटर बाहेर रस्त्यावर गेल्या. भाटियांनी निळी गाडी विकली, मोठी घेतली, तो कोपरा भरला. सुनंदा मधूनच भाजी निवडताना म्हणायची, "त्याचं लग्न झालं असेल आता." मी म्हणायची, "झालं असेल." कधी म्हणायची, "मुलगी झाली असेल तर स्केटिंगला घालेल का हो?" मी म्हणायची, "घालेल." बोलून बोलून मलाच तो दिसायला लागला होता. चष्मा असावा, थोडा वाकून चालत असावा.

एकदा मात्र पोळी उलटताना तिचा हात थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी, तिनं एकदाही त्याचं नाव कसं घेतलं नाही?" मी म्हटलं, "लाजत असेल." "हो," ती म्हणाली. "लाजत असेल." पोळी करपली होती. तिनं ती काढून बाजूला ठेवली आणि दुसरी टाकली.

* * *

देवस्थळी रिटायर झाले आणि त्यांनी इंदूरला जायचं ठरवलं. सामान ट्रकमध्ये चढत होतं. सुनंदा रिकाम्या घरातून बाहेर आली, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. दारावरची पाटी काढायची राहिली होती, ती आम्ही दोघींनी सुरीनं स्क्रू फिरवून काढली. तिनं ती छातीशी धरली.

"वहिनी, तो मुलगा कधी आला, तर त्याला इंदूरचा पत्ता द्या."

"देईन."

ती पाच-सहा पायऱ्या उतरली आणि कठड्याला धरून थांबली. मागे वळली नाही.

"आणि वहिनी, कोणी येणारच नव्हतं असं तुम्हाला कधी कळलं असेल, तर ते मला पत्रात लिहू नका."

खाली ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

मी आतून वहीचं पान आणि पेन आणलं, पायऱ्या उतरून तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "पत्ता मोठ्या अक्षरात लिही. त्याला तुझं अक्षर लागायचं नाही."